असर आणि मगरिबच्या मधली वेळ

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर मी घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी वॉकर हातात दिला आणि चाला म्हणाले. मी मात्र पलंग धरला. पाय टेकवला की वाटायचं, पुन्हा पडणार, आणि पुन्हा पडले तर उठणारच नाही. बनारसमध्ये अशा माणसाला कुणी घाईही करत नाही. व्यायाम घ्यायला येणारे गृहस्थ सकाळी येतो सांगून दुपारी उगवायचे, चहा घ्यायचे आणि उद्या बघू म्हणून जायचे. घरच्यांनी तर टीव्हीच माझ्या पायथ्याशी आणून ठेवला.

वेळेवर यायच्या त्या फक्त आपा. आम्ही दोघींनी एकाच शाळेत नोकरी काढली, मी हिंदी शिकवायचे, त्या गणित. ऑफ पिरियडला आम्ही बाकीच्या जणी शेंगा सोलत बसायचो तेव्हा ह्या वह्या तपासून मोकळ्या व्हायच्या. आता दुपारची असरची नमाज झाली की त्या माझ्याकडे यायच्या आणि वरच्या मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची अजान आली की चप्पल घालून चालू लागायच्या. मगरिबची वेळ फार थोडी असते म्हणे. हातातला चहासुद्धा तसाच राहायचा. माझं आजारपणही तुम्ही टाइमटेबलात बसवलंत, असं मी म्हणायचे. त्यांना ते कौतुकच वाटायचं.

त्यांच्या त्या तासात माझं रडगाणं चालत नसे. बसल्या बसल्या पाय उचलायला लावायच्या. एकदा मी वैतागले, तेव्हा त्यांनी समजावलं की कयामतच्या दिवशी प्रत्येकाला विचारलं जाणार, उम्र कशात घालवलीस. तब्येत आणि फुरसत हाताशी असताना माणसाला त्यांची किंमत कळत नाही. माझ्याकडे फुरसत तर पोत्यानं पडली होती, म्हणून ते जरा लागलंच. मग तुम्ही काय सांगणार, मी विचारलं, एका मराठिणीचं कण्हणं ऐकत बसले म्हणून? त्या हसल्या आणि दुसरा पाय उचलायला लावला.

एके संध्याकाळी त्यांनी वॉकर पुढे ठेवला. आज सज्ज्यापर्यंत जायचं. तिथून गंगा दिसते, आणि पडल्यापासून मी ती पाहिली नव्हती. खोलीच्या मधोमध माझं पुढचं पाऊल पडेना, आणि तेवढ्यात अजान झाली. मी म्हटलं, आपा, तुमची वेळ झाली, जा तुम्ही. खरं तर त्या गेल्या असत्या तर मला पलंगाकडे वळता आलं असतं.

त्यांनी माझ्या कोपराखालचा हात काढला नाही. "नमाज़ का वक़्त अभी है," त्या म्हणाल्या. "तुम क़दम उठाओ."

मी उचलला. मग दुसरा. कठडा हाताला लागला, खाली गंगा दिसली आणि मला रडू आलं.

आपांनी आमच्याच न्हाणीघरात हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं, धुतलेली चादर मागून घेतली आणि मधल्या खोलीत पश्चिमेला तोंड करून घाई न करता नमाज पढली. तेवढा वेळ मी कठड्याला धरून उभीच होते. बसायचं सुचलंच नाही.

चादरीची घडी घालत त्या बाहेर आल्या. मी चिडवलं, आज अजान होऊनही थांबलात, वर विचारलं तर काय सांगाल?

"अब जवाब है मेरे पास," त्या म्हणाल्या. "कह दूँगी, इस मराठिन को चला के आई हूँ. कल सीढ़ियाँ उतरनी हैं, चप्पल पहन के बैठना."