पोलादावर राहिलेलं मीटर

इंजिनचे सिलिंडर मोठे करून देण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, अजून अर्धा मिलिमीटर वाढवा, गाडी पळेल. हे म्हणायचे, पळेल, पण भिंत पातळ झाली की फुटेल; रेसच्या इंजिनला चार मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. घरातही तीच तऱ्हा. माझी शिवण दोराभर वाकडी गेली तरी ह्यांना दिसायची.

धाकटे भाऊजी रेसमध्ये गाडी चालवायचे. त्यांच्या इंजिनचं काम ह्यांनीच केलं. प्रत्येक सिलिंडरची भिंत जाडी दाखवणाऱ्या मीटरनं बारा ठिकाणी मोजली. आकडा कुठेही चारच्या खाली नव्हता. रेसच्या तिसऱ्या फेरीत भिंत तडकली, इंजिन थंड ठेवणारं पाणी आत शिरलं, इंजिन जाम झालं आणि गाडी कठड्यावर आदळली. भाऊजींचा गुडघा कायमचा गेला. सगळे म्हणाले, चालवणाऱ्यानंच इंजिन नको तितकं ताणलं. भाऊजींनाही तेच खरं वाटलं. संघातून काढलं तेव्हा त्यांनी ब्रही काढला नाही, आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

आठवड्यानं ह्यांनी मीटर पेटीतून काढलं, तर ते पोलादावर लावलेलं. मोजण्याआधी धातू कोणता ते त्यावर लावावं लागतं. भाऊजींच्या कामाआधी कुणाचे तरी पोलादी पाइप मोजले होते, ते तसंच राहिलं. इंजिन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. पोलादावर लावलेलं मीटर बिडाची जाडी वाढवून दाखवतं. चार दिसले तिथे जेमतेम तीन होते. बारा ठिकाणी मोजलं आणि बारा वेळा चुकलं. ह्यांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं. मी म्हटलं, भाऊजी बरे होऊ देत, मग बोला.

आज-उद्या करता करता आठ वर्षं गेली. भाऊजी सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला लागले. रविवारी लंगडत आमच्याकडे जेवायला यायचे, आणि हे ताटातून मान वर करायचे नाहीत. मला दोघांचीही कीव यायची.

गेल्या महिन्यात जेवता जेवता भाऊजी म्हणाले, माझ्यामुळे दादाचं एवढं चांगलं काम मातीत गेलं. तेव्हा ह्यांना राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "चूक कुणाचीही होते, दादा. पण आठ वर्षं तू नुसता बघत बसलास." थोड्या वेळानं विचारलं, "वहिनींना माहीत होतं?"

"नाही," हे म्हणाले.

मी तिथेच उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

भाऊजी आता ह्यांच्याशी बोलत नाहीत. मला मात्र रोज फोन करतात. म्हणतात, वहिनी, त्या घरात माझं म्हणावं असं आता तुम्हीच उरलात.