भोंग्याच्या वायरीवरचा लाल दोरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सभेत नाही, पत्रकात नाही, घरी आईलासुद्धा नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस. दुसऱ्यांच्या चुका मोठ्या टाइपात छापायची सवय. स्वतःची लिहायला बसलो तर पहिल्या ओळीलाच हात अडतो.

दुष्काळाच्या साली आम्ही श्रीगोंदा तालुक्यात जीप फिरवत होतो. मागणी एकच — कालव्याचं पाणी आधी पिण्याला, मग उसाला. विहिरी कोरड्या आणि कालव्याकडेचा ऊस हिरवागार, हे ज्याला दिसत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. मागणी खरी होती, आजही खरी आहे. पण ते बाजूला ठेवतो. नेमकं तेच मी इतके दिवस पुढे करत आलो.

जीपमध्ये जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता. तापायचा, बॅटरी खायचा. तो काढून ट्रान्झिस्टरचा नवा सेट बसवला शलमोनदादांनी. बाजारपेठेत रेडिओदुरुस्तीचं त्यांचं एकट्याचं दुकान. अर्धा दिवस खपून त्यांनी टपावरचे दोन्ही भोंगे जोडले, वाजवून दाखवले, वर चहा पाजला. आवाज पार वेशीपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी मला टपावर फलक बांधायचा होता. भोंगे आडवे येत होते, म्हणून मी वायरी सोडल्या. पाहतो तर प्रत्येक भोंग्याच्या एकेका वायरीला लाल दोरा गुंडाळलेला. मी भडकलोच. गावोगाव गंडेदोऱ्यांविरुद्ध बोंब मारायची आणि आपल्याच जीपला नजर लागू नये म्हणून दोरा? दोन्ही तोडून फेकले. ड्रायव्हर किसन बघत होता, त्याला एक व्याख्यानही दिलं. शलमोनदादा ख्रिस्ती, रविवार न चुकवणारे — ते गंडा कशाला बांधतील? हे मनातही आलं नाही. फलक बांधला आणि वायरी हाताला आल्या तशा जोडल्या.

बाजाराच्या दिवशी सभा. बायका रिकामे हंडे घेऊन तीन-तीन कोसांवरून आलेल्या. मी बोलायला लागलो आणि आवाज — कसा सांगू? — रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा. पोकळ, चिरका. ओरडलो तर आणखीच वाईट. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "त्वांड लई हालतंय बाबाचं, पन इकतोय काय ते कळंना." हशा झाला. बायका हंडे उचलून निघाल्या.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? वायर बघायला हवी होती. मी शत्रू शोधला. एका बड्या बागायतदाराचा रेडिओ शलमोनदादांकडे दुरुस्तीला पडलाय, असं कोणीतरी बोललं. तालुक्यातले निम्मे रेडिओ तिथेच पडलेले असायचे. पण मला तेवढं पुरलं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं — 'जनतेच्या भोंग्याचा गळा कोणी दाबला?' नाव घातलं नाही. 'बाजारपेठेतला विकला गेलेला रेडिओवाला' एवढंच. रेडिओवाला एकच होता. म्हणूनच तर नाव घातलं नाही.

पत्रकं वाटून झाली. पुढच्या गावी पुन्हा तोच आवाज. मग मात्र एकेक तपासत गेलो. माइक बदलला. बॅटरीची टोकं घासली. शेवटी एका भोंग्याची वायर काढली — दुसरा खणखणीत. ती जोडून दुसऱ्याची काढली — पहिलाही खणखणीत. दोन्ही जोडले की पोकळ. दोन भोंगे शेजारी शेजारी, तोंडं एकाच दिशेला. एकाच्या वायरी उलट लागल्या की तो हवा ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो, आणि एकाचा आवाज दुसरा खातो. दोरा गंडा नव्हता. कुठली वायर कुठे लावायची, त्याची खूण होती. मी एका भोंग्याच्या वायरींची अदलाबदल केली. अर्धं मिनिट लागलं.

किसन खाली उभा होता. म्हणाला, "भाऊ, आता शलमोनदादास्नी सांगाय पायजे." मी म्हणालो, लढा चालू असताना असल्या गोष्टी काढायच्या नसतात. हे वाक्य मला किती सहज आलं! त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

चार दिवसांनी शलमोनदादा आमच्या कार्यालयाच्या दारात आले. हातात पत्रकाची घडी. लोक आपापले रेडिओ परत नेत होते, दुकानाच्या फळीवर कोणीतरी कोळशानं 'विकला गेलेला' असं लिहिलं होतं — माझाच शब्द. पाच-सहा कार्यकर्ते बसले होते. दादा रागावले नाहीत.

"भाऊ, माजं जोडकाम कुठं चुकलं तेवढं दावा," ते म्हणाले. "मी टपावर चढून बगतो. आत्ता नीट करून देतो."

जीप समोरच उभी होती. ते वर चढले असते, तर दोरे तोडलेले त्यांना दिसले असते.

"काय केलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणालो.

त्यांनी एकदा भोंग्यांकडे बघितलं. मग पत्रकाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेले.

दिवाळीआधी त्यांचं दुकान बंद झालं. ते बायकोमुलांना घेऊन राहुरीकडे गेले म्हणतात. मी चौकशी केली नाही. दुष्काळ सरला, पत्रकंही रद्दीत गेली. तो शब्द मागे घेणारं पत्रक मी कधी लिहिलं नाही — लिहायला फार तर एक संध्याकाळ लागली असती. वायरी मी उलट लावल्या. खोटं मी छापलं. खरं कळल्यावर त्यांच्या तोंडावर पुन्हा खोटं बोललो, तोही मीच.

किसन अजून तीच जीप चालवतो. परवा टपावर चढलो तर दोन्ही भोंग्यांच्या एकेका वायरीला नवा लाल दोरा बांधलेला. त्यानं मला विचारलं नव्हतं. दोरे तसेच ठेवून मी खाली उतरलो.