तापणारी मशीन

आमच्या बाबांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, स्वतःच्या उजव्या हाताच्या पाठीवर. बाकी सगळं जग त्यांना फसवायला टपलेलं आहे अशी त्यांची खात्री होती आणि ती आम्हा भावंडांना त्यांनी लहानपणापासून पाजलेली होती.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथं 'जि. लातूर' रंगवायचं काम चाललेलं असायचं आणि नव्या रंगाखालून जुनी अक्षरं डोकावायची. बाबा त्या पाट्यांकडं बघून म्हणायचे, "रंग बदलून पानी येतंय का बघू." पाणी येत नव्हतं. पावसानं पाठ फिरवली होती, बोअर तळाला गेले होते आणि मोटारी कोरड्या चालून जळत होत्या. त्यामुळं बाबा सारखे मोटारीला हाताची पाठ लावून उभे असायचे. पाठ अशासाठी, की करंट लागलाच तर हात झटक्यात मागं येतो, तळवा लावला तर मूठ आवळली जाते. जरा गरम लागलं की खटका खाली. त्यांच्या पाळीत एक मोटार जळाली होती आणि साहेबानं चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला होता. तेव्हापासून तापलेली कुठलीही वस्तू त्यांना चोर वाटायची.

अशा घरात माझ्या मोठ्या भावानं इलेक्ट्रिक गिटार आणली. सोलापूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यातली ही. आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत भाऊ ती वाजवायचा आणि मी कोरसमध्ये गायचे. वाजवायचा म्हणजे, त्याची बोटं हलताना दिसायची. गिटारची वायर माईकच्याच मशीनला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या खोक्याला, जोडलेली असायची. ढोलकी कडाडली, पार्टीच्या शाहिरांनी वरची पट्टी घेतली, की गिटार कुठं जायची कुणास ठाऊक. शेवटी शाहीर वैतागले. सरळ बोलणारा माणूस. जयंतीच्या आधी त्यांनी भावाला सांगितलं, "हे बघ, परभणीचा एक बेंजोवाला यायला तयार हाय. तुझ्या गिटारीला येगळी मशीन आन. जयंतीला ऐकू आली तर तू ऱ्हाशील, न्हाई तर त्याला बसवतो."

भाऊ त्या दिवशी जेवला नाही. गिटारशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. मला त्याची फार कीव आली.

लातुरात लाऊडस्पीकरवाले हवेत होते. नवा जिल्हा, रोज कुठलं ना कुठलं उद्घाटन. मशीनचे भाव त्यांनी असे चढवले होते की विचारायचीही लाज वाटावी. तेवढ्यात कळलं, नांदेडला वजिराबादच्या मागच्या गल्लीत एक दुकानदार व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांच्या, जुन्या मशिनी निम्म्या भावात काढतोय. ट्रांझिस्टरच्या हलक्या मशिनी आल्या होत्या, व्हॉल्व्हची जड खोकी कुणाला नको होती. भावाला मात्र व्हॉल्व्हचीच हवी होती. त्या ऑर्केस्ट्रात त्यानं ती ऐकली होती, आवाज भरलेला येतो म्हणायचा.

बाबा म्हणाले, "निम्म्या भावात कोन देतं? काहीतरी दुखनं असलेलीच म्हैस अशी इकत्यात." आणि मग, कुणी फसवू नये म्हणून, स्वतः बरोबर निघाले. मलाही घेतलं, का, तर आवाज ओळखायला दोन कान जास्त. एसटीत गिटार चादरीत गुंडाळून भावाच्या मांडीवर. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, खिडकीबाहेर नुसती काळी भेगाळलेली रानं. नांदेडच्या स्टँडवर अर्धापूरची केळी विकायला होती, बोटाएवढी झालेली. बाबांनी ती घेतली नाहीत. एवढी लहान केळी आतून काळी निघतात म्हणाले.

दुकानदार जाडसर, हसतमुख माणूस होता. हसतमुख माणसं बाबांना मुळीच आवडायची नाहीत. त्यानं आमच्यासमोर दोन मशिनी मांडल्या. एक काळी, मळकी, मोठ्या पेटीएवढी. तिच्या डोक्यावर चहाच्या ग्लासाचा गोल पांढरा डाग होता, आणि त्या डागावर आत्ताही त्याचा चहा ठेवलेला होता. दुसरी निळी, चकचकीत, नवीन जाळीची. दोन्हींच्या मागच्या बाजूनं काचेचे व्हॉल्व्ह दिसत होते.

"मामा, ही काळी घ्या," तो पहिल्याच वाक्याला म्हणाला. "आजकाल असा माल बनून न्हाई राहिला."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, बघ, कोणती गळ्यात मारायची ते आधीच ठरवलंय यानं.

काळी चालू केली. काहीच नाही. भावानं तार छेडली, तरी गप्प. "जरा दम धरा, गरम होऊ द्या," दुकानदार म्हणाला. मग आतला तांबूस उजेड हळूहळू वाढला, घुर्र असा आवाज आला आणि गिटार बोलायला लागली. आवाज चांगला होता, हे मी आजही सांगते. छातीत जाऊन बसणारा होता. पण तोपर्यंत बाबांचा हात मशीनच्या मागं गेला होता आणि चटका बसल्यासारखा परत आला होता.

"ही तर चूल हाय," बाबा म्हणाले.

"व्हॉल्व्ह तापतातच, बाबा," भाऊ म्हणाला.

"तुला कुनी सांगितलं?"

सांगितलं होतं दुकानदारानंच, आत्ताच, गरम होऊ द्या म्हणून.

"न्हाई मामा, खरंच तापतात," दुकानदार ग्लास उचलत म्हणाला. "म्हणून तर मी चहा वर ठेवतो, थंड होत न्हाई."

त्याला वाटलं, आम्ही हसू. बाबांचा चेहरा आणखी ताठ झाला. मग निळी लावली. खटका दाबला रे दाबला, व्हॉल्व्ह लाल झाले आणि गिटार लगेच वाजली. आवाज जरा किरकोळ, पण स्वच्छ. घुर्र नाही की काही नाही. बाबांनी हात लावून ठेवला, बराच वेळ ठेवला. गार.

"त्याच्यात तसा दम न्हाई बघा," दुकानदार म्हणाला. तो काळीबद्दल जितकं चांगलं बोलला, तितकी ती आमच्या नजरेतून उतरत गेली, आणि निळीला नावं ठेवली तशी निळी चढत गेली. भाव दोन्हींचा सारखाच होता. बाबांना त्यातही काळंबेरं दिसलं. मला तर वाटत होतं, आज आपण या माणसाला चांगलंच ओळखलं. भाऊ एकदा काळीकडं बघायचा, एकदा बाबांकडं. शेवटी आम्ही निळी घेऊन निघालो. दुकानदारानं दोरी बांधून दिली, तीही बाबांनी सोडून पुन्हा आपल्या हातानं बांधली.

घरी भावानं रियाजाला मशीन लावली. ढोलकीवाला शेजारीच राहायचा, त्याला बोलावलं. ढोलकीवर थाप पडली आणि गिटार पुन्हा गायब. भावानं बटण वाढवलं तर आवाज फाटायला लागला. भाऊ थांबला. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

बाबांना स्वतःच्या खरेदीचाही संशय होताच. त्यांनी पाना आणून मागची जाळी काढली आणि चालू मशीनच्या व्हॉल्व्हच्या काचेला हात लावला. ती माठासारखी गार होती. व्हॉल्व्ह नुसते खोचलेले होते. प्रत्येकाच्या मागं टॉर्चचा लाल रंगवलेला बल्ब, आणि खाली कोपऱ्यात ट्रांझिस्टरची छोटीशी पट्टी. बाबा जाळी हातात घेऊन तसेच बसून राहिले. ज्या गारव्याच्या भरवशावर आणली, तोच खोटा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मशीन घेऊन पुन्हा नांदेडला गेले. संध्याकाळी परत आले ते मशीनसकट. दुकानदारानं त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "मला तरी कुठं माहीत, मामा, मी पण ती अशीच एकाकडून घेतलेली. मी काळीच घ्या म्हणून राहिलो होतो ना?" सेलचा माल परत घेणार नव्हता. आणि काळी कालच विकली गेली होती.

"खोटं बोलून राहिला का खरं, मला कळंना," बाबा आईला म्हणाले. तसं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

जयंतीचा कार्यक्रम दुपारीच ठेवला होता, कारण दिवस कलला की विजेचा भरवसा नसायचा. मंडपात पंखे नव्हते, लोक उपरण्यानं वारा घेत होते. भाऊ निळी मशीन घेऊन आला, पण ती त्यानं स्टेजच्या खालीच ठेवली. निळीचं कळल्यावर शाहिरांनी परभणीचा बेंजोवाला बोलावला होता आणि तो वर बसलेला होता, एक सडपातळ, पांढरा शर्ट घातलेला माणूस. त्याच्या मागं काळी मशीन होती. मी डोक्यावरचा चहाचा डाग पाहिला आणि बाबांचं मनगट धरलं. त्यांनीही पाहिला होता.

बेंजोवाल्यानं भावाच्या खांद्यावरची गिटार पाहिली. "जयभीम. वाजवता का? मग या की वर. मशीनला पिन लावायच्या दोन जागा हायत, एक मोकळीच हाय."

बाबा भावाच्या कानाशी लागले. "जाऊ नको. हा कशाला बोलवून राहिला? ती मशीन जळंल, मग आपल्या नावावर घालील."

भाऊ बाबांच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्या दिवशी तो पायरी चढला आणि त्यानं मोकळ्या जागेत गिटारची पिन लावली.

बाबांना राहवलं नाही. तेही मागून चढले आणि मशीनच्या मागं जाऊन उभे राहिले, पंपावर राहायचे तसे, हाताची पाठ लावून. मी कोरसमध्ये जाऊन उभी राहिले आणि शाहिरांनी पहिलं कडवं घेतलं. ढोलकी आली, बेंजो आला, आणि दोघांच्या मधून भावाची गिटार अशी उठली की कोरसमध्ये माझी ओळच चुकली. गाताना शाहीर कधी मागं वळून बघायचे नाहीत. तेव्हा वळले. मंडपातल्या मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या.

मी गात होते आणि बाबांकडं बघत होते. त्यांचं तोंड ताणलेलं होतं, कपाळावर घाम होता. आता म्हणतील बंद कर, आता खटका खाली करतील, असं मला प्रत्येक कडव्याला वाटत होतं. त्यांनी खटक्याला हात लावला नाही.

कार्यक्रम संपल्यावर शाहीर म्हणाले, "आता दोघंबी ऱ्हावा. बेंजो बी पायजे आन गिटार बी." भाऊ हसला आणि मग रडला. बेंजोवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला त्यातून काय मिळणार होतं, हे आमच्या घरात त्यानंतर पुष्कळ दिवस शोधून झालं, सापडलं नाही.

घरी आल्यावर आईनं बाबांचा हात पाहिला. हाताच्या पाठीवर जाळीच्या ओळीत फोड आले होते. घरात पिण्यापुरतंच पाणी होतं, तरी आईनं त्यातला एक तांब्या त्या हातावर ओतला. बाबा "पानी कशाला सांडते" म्हणून ओरडले, पण हात मागं घेतला नाही.

भाऊ समोर बसला होता. "एवढं भाजत होतं तर हात काढायचा ना, बाबा."

बाबा हाताकडं बघत राहिले. "मला वाटलं," ते म्हणाले, "काढला तर बंद पडंल."