न जाळलेल्या खोळी

"बाजूला हो."

"नाही होत."

"माझं भांडण तुझ्याशी नाही. कुत्र्याशी आहे."

"त्याला बोलता येत नाही, दाजी. त्याच्या वतीनं मी उभी आहे."

"मग हा तुझ्याच टाळक्यात घालू?"

"घाला. पण आधी ऐका."

दाजी ऐकायला आलेच नव्हते. हातात लोखंडी गज होता, चांगला मनगटाएवढा जाड. माणूस वेल्डर, असले गज त्याच्या दुकानात दाराआड पडलेले असायचे, त्यातला एक उचलून तो तडक निघाला होता. डोळे रात्रभर न मिटल्यासारखे लाल. तोंडाला घाम.

ती पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून उभी होती. पाठीमागं जाळीच्या आत पक्कड नावाचा कुत्रा शेपूट गोळा करून बसला होता. एकदा दात रोवले की सोडत नाही, म्हणून पक्कड. काल सकाळी त्यानं दाजींच्या बायकोचा, म्हणजे हिच्याच थोरल्या बहिणीचा, उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला होता. डॉक्टरनं हात शिवून दिला, पण दोन बोटं काही केल्या हलत नव्हती.

मास्तर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून होता. तो या दोघी बहिणींच्या मधला भाऊ. कुत्री त्याची, जागा त्याची, धंदा त्याचा. गोदामांच्या राखणीसाठी तो कुत्री तयार करून द्यायचा. हुकमाशिवाय चावलेला कुत्रा त्याच्या लेखी कुत्राच नव्हता.

"सोड गं," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "दाजींनी नाही मारला तर दुपारी मलाच मारायचाय. बिघडला तो."

"बिघडला नाही."

"मग काय ताईच्या हाताला साखर लागली होती?"

ती गप्प बसली. पक्कड का चावला ते तिला ठाऊक होतं, आणि ते तोंडातून बाहेर काढणं म्हणजे स्वतःचं मुंडकं आपल्या हातानं खाटकाच्या ओंडक्यावर ठेवणं होतं.

बाई तशी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. वस्तीत तिला टाकेवाली म्हणत. कधीकाळी लग्न झालं होतं. नवऱ्याचा हात सैल; चहा थंड झाला तरी उठायचा, गरम असला तरी उठायचा. एके दिवशी हिनं शिवणाची कात्री त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली, ती तशीच परत उपसून पुसली, ट्रंकेत टाकली आणि भावाच्या दारात येऊन उभी राहिली. पुढं कुणी त्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायची, "कात्री चांगली होती."

भावानं काही विचारलं नाही. त्यानं तिच्यापुढं एक फाटकी बाही टाकली. "ही शिवता येईल का?"

बाही म्हणजे त्या धंद्याचं मुख्य हत्यार. कुत्र्याला चावायला शिकवायचं तर कुणीतरी चावून घ्यायला हवं. तो माणूस हातात कोपराच्या वरपर्यंत जाणारी जाड, भरीव बाही घालतो आणि कुत्र्याच्या अंगावर ओरडत, हात उगारत जातो. कुत्रा झेपावतो आणि बाहीचा लचका धरून लोंबकळतो. आत चिंध्यांचा ठासून भरणा, वर जाड किंतानाची खोळ. भरणा टिकतो, खोळ टिकत नाही. दातांनी तिची चाळण होते. ती उसवायची आणि नवी चढवायची, हे टाकेवालीचं रोजचं काम. जाड सुई, मेण लावलेला दोरा, तळहाताला चामड्याचा तुकडा. तिचा टाका कुत्र्याच्या दाताला दाद देत नसे, हे मास्तरनं पहिल्याच महिन्यात मान्य केलं होतं, तेही शिवी देऊन.

आणि उसवलेली खोळ जाळायची. यात चालढकल नाही. फरशी पुसायला घ्यायची नाही, पोतं म्हणून वापरायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. कुत्र्याला त्या कापडाचा वास माहीत असतो. त्या कापडात चावायचं असतं, एवढंच तो शिकलेला असतो. मागच्या भिंतीशी एक पत्र्याचं पिंप होतं, त्यात रॉकेल ओतून खोळ जाळायची आणि राख होईपर्यंत उभं राहायचं.

हे झालं कामाचं. पण बाईच्या जिवाला लागलेलं वेड वेगळंच होतं. तिला गोधड्या शिवायचं वेड. गोधड्या म्हणजे ऊब द्यायच्या नव्हेत. फुलं नाहीत, चौकटी नाहीत, वेलबुट्टी नाही. तिच्या गोधडीवर झेप असायची. कुत्रा दिसायचाच नाही. काळ्यातून विटकरी रंग असा सुटायचा की बघणारा मागं सरायचा. राखी रंगाच्या मधोमध एक लाल ठिगळ, आणि त्याच्याभोवती टाके असे दाटलेले की जबडा आवळल्यासारखं वाटावं. ताई म्हणायची, "ही पांघरून झोपलं तर माणूस स्वप्नात भुंकेल." शहरातल्या एका दुकानाची मालकीण त्यातल्या काही घेऊन गेली आणि भिंतीवर टांगल्या. मास्तर हसून लोळला होता. "भिंतीला थंडी वाजते का गं?"

रंगासाठी ती काहीही करायची. एकदा रस्त्यात पुढं चाललेल्या बाईच्या ओढणीचा हिरवा बघून तिनं चार गल्ल्या पाठलाग केला होता. दाजींची एक सदरा-पँट अशीच वाळत घातलेली गायब झाली होती. त्या गंजलेल्या निळ्याचं पुढं काय झालं ते दाजींना त्या शहरातल्या दुकानाच्या भिंतीवर कळलं. तेव्हा ते हसले होते.

तर या बाईच्या हाताखालून रोज जुन्या खोळी जात होत्या. उन्हानं विटलेल्या, लाळेनं कडक झालेल्या, कुत्र्यांच्या हिरड्यांचं रक्त सुकून गंजाचा रंग आलेल्या, दातांनी पिंजून रेशमासारख्या मऊ झालेल्या. असला तपकिरी कुठल्या रंगाऱ्याला जमला नसता. पहिली खोळ तिनं पिंपात टाकली आणि पेटवायच्या आधी परत बाहेर काढली. तिथून तिचा तोल गेला. भाऊ विचारायचा, "जाळली?" ती म्हणायची, "जाळली." पिंपात पोतं जळायचं आणि खोळ खाटेखाली जायची.

त्याच खोळींची तिनं एक नवी गोधडी केली होती. साबणानं धुतली, उन्हात टाकली, पुन्हा धुतली. वास गेला असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे तिनं वाटून घेतलं. अशी गोधडी तिच्या हातून आधी झाली नव्हती, हे तिला शेवटचा टाका घालण्याआधीच कळलं होतं.

काल सकाळी ताई आली तेव्हा गोधडी दोरीवर होती. गारठा होता. ताई म्हणाली, "ही चावणारी वाटत नाही, बरी वाटते." एवढं कौतुक ताईच्या तोंडून प्रथमच. हिला राहवलं नाही. दोरीवरून ओढून तिनं ती ताईच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "जरा चाल गं त्या तिकडं. ऊन पडू दे तिच्यावर, रंग हलताना बघू दे मला."

ताई चालली. वळताना तिनं हात पसरून, नाटकातल्या राणीसारखी, गोधडी उडवली. पक्कड तेव्हा मोकळा होता. तो भुंकलासुद्धा नाही.

मास्तर बाहेर गेला होता. दुसऱ्या कुणाच्या हुकमाला पक्कड जुमानत नव्हता. हिनं लाकडी पाचर त्याच्या दातांत घालून जबडा उघडला, आणि तोवर ताई ओरडायची थांबली होती. जबडा उघडताना हिनं दात कुठं रोवलेत ते पाहिलं. बरोबर खोळीच्या तपकिरी ठिगळावर.

आता तोच तपकिरी खाटेखाली बोचक्यात होता, आणि बाहेर दाजी गज घेऊन उभे होते.

"दाजी," ती म्हणाली, "मी दार उघडते. गज पाठीमागं धरा. उगारू नका. तो काय करतो बघा."

"मला चावून घ्यायला आलोय काय मी?"

"तो चावला तर गज आहेच की हातात."

मास्तर उठून उभा राहिला. "काय चाळे लावलेत?"

तिनं कडी काढली. पक्कड बाहेर आला. दाजींच्या बुटाचा वास घेतला, गजाचा वास घेतला, मग जाऊन हातगाडीच्या चाकावर तंगडी वर केली.

"आता थांबा," ती म्हणाली आणि खोलीत गेली. आली ती बोचकं सोडतच. गोधडी दोन्ही हातांनी झटकली आणि अंगावर घेतली.

पक्कडनं मान वळवली.

पुढचं सगळं एका दमात झालं. तिनं डावा हात गोधडीत गुंडाळून पुढं केला तेवढ्यात तो येऊन आदळला. ती पाठीवर पडली. डोकं फरशीवर आपटलं. तो तिच्या छातीवर पाय देऊन गोधडीचं टोक ओढत होता, घशातून गुरगुरत, डोकं इकडून तिकडं झोडत. कापड फाटल्याचा आवाज आला. थर फाटला, भरणा बाहेर आला. तिचा खांदा सांध्यातून निघेल असं तिला वाटलं. दाजींनी गज उगारला.

"मारू नका!" ती खालून किंचाळली. "दादा, तू बोल!"

"सोड!" मास्तर गरजला.

पक्कडनं सोडलं. मागं सरला आणि बसला. तोंडात तपकिरी धागे होते.

ती उठून बसली. मनगटावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या, पण कातडी फुटली नव्हती. थर जाड होते. गोधडी दुमडून तिनं बुडाखाली घेतली, म्हणजे ती पुन्हा हलणार नाही. मास्तर जवळ आला, वाकला, फाटलेल्या कडेला बोट लावलं. त्याला सांगायची गरज नव्हती. त्यानं ते कापड हजार वेळा हातात घातलं होतं.

"जाळल्या म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"सगळ्या?"

"बऱ्याचशा."

"का?"

"रंग," ती म्हणाली.

मास्तरनं तिच्या थोबाडीत दिली नाही. त्यानं कुत्र्याच्या गळपट्ट्याला हात घातला, त्याला ओढत नेऊन पिंजऱ्यापाशी बसवलं आणि पुन्हा तिच्याकडं आला. "ऊठ. पिंप."

तिनं स्वतः गोधडी पिंपात कोंबली, स्वतः रॉकेल ओतलं. भडका उडाला तसा रक्ताचा, लाळेचा, केसांचा करपट वास सुटला. इतक्या महिन्यांचा टाका बघता बघता काळा पडला. ती राख होईपर्यंत उभी राहिली, तसाच नियम होता. मग आत जाऊन खाटेखालची उरलेली गाठोडीही आणली आणि तीही टाकली. भावानं खाटेखाली वाकून खात्री करून घेतली.

"कुत्र्याचं काय?" तिनं विचारलं.

"कुत्र्यानं शिकवलेलं केलं," मास्तर म्हणाला. "राहील."

दाजी तिथंच होते. गज खाली टेकला होता, पण मूठ सुटली नव्हती.

"म्हणजे हे तुझं," ते हळू म्हणाले.

"माझं."

"ती भाकर... ती हातात पेला धरू शकत नाही. पेला."

"माहीत आहे."

"हात ठेव इथं." त्यांनी हातगाडीच्या फळीकडं मान केली. "उजवा. तिचाही उजवाच आहे."

तिनं भावाकडं पाहिलं. भाऊ पिंपातली राख काठीनं ढवळत होता.

"उजवा नाही देणार," ती म्हणाली. "उजवा शिवतो, दाजी. डावा नुसता कापड धरतो. डावा घ्या."

"इथं बाजार मांडलाय का?"

"उजवा मोडलात तर मी बसून खाणार, आणि ते तुमच्याच बायकोच्या भावाच्या गळ्यात. डावा घ्या. मागं घेणार नाही."

तिनं डावा हात फळीवर ठेवला, पालथा, बोटं पसरून. दाजींनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं डोळे मिटले नाहीत. म्हणून असेल किंवा नसेल, त्यांनी गज पुरता उगारला नाही, अर्ध्यातून आणला. तरी लोखंडच ते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही एकदम गेली. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. पण हात फळीवरच राहिला.

पक्कड पिंजऱ्यापाशी बसून हे सगळं बघत होता. जागचा हलला नाही. तिच्या अंगावर साधं सुती कापड होतं. त्याच्या लेखी तिथं काही घडतच नव्हतं.

"झालं?" तिनं दातांवर दात धरून विचारलं.

दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. "झालं."

"ताईला सांगू नका आज. उद्या मीच येते."

"ती तोंड बघायची नाही तुझं."

"नको बघू दे. दारात बसेन."

दाजी गज तिथंच विसरून फाटकाबाहेर गेले.

मास्तरनं खिशातून रुमाल काढून तिच्या अंगावर टाकला. तिनं दोन काड्या घेतल्या, मोडलेली बोटं त्यांच्यामध्ये धरली आणि एक टोक दातांत घेऊन रुमाल आवळला. आवळताना पुन्हा एकदा ओरडली.

"डॉक्टरकडं जा," तो म्हणाला.

"संध्याकाळी. दुपारी गोदामवाला येतोय ना कुत्रा बघायला?"

"येतोय."

"बाहीला खोळ नाही."

"मग?"

"मग काय. किंतान दे."

त्यानं किंतानाचा गुंडाळा आणून तिच्यापुढं टाकला. ती ओट्यावर बसली. डाव्या हातानं धरता येईना, तसं तिनं कापडाची एक कड गुडघ्याखाली दाबली, दुसरी टाचेखाली. दोरा तोंडात ओला करून सुईत घालायला बऱ्याच वेळा चुकली आणि दर वेळी एक शिवी देऊन पुन्हा लागली. शेवटी गेला. तिनं दोऱ्यावरून मेण ओढलं, कोऱ्या, मळकट पांढऱ्या किंतानाकडं एकदा पाहिलं आणि पहिला टाका घातला.