इस्त्रीवाल्या मावशीचा संशय

इस्त्रीवाल्या मावशीला माणसं पारखता येतात, असं लोक म्हणतात. काही पारखता-बिरखता येत नाही. तिला फक्त संशय घेता येतो, तोही उघड, तोंडावर. गल्लीतला बायकांचा बचत गट तिने त्या एका गुणावर उभा केला. आणि शाळा अर्धवट सोडून मोर्च्यांत घोषणा देत फिरणाऱ्या मला कर्ज म्हणजे काय ते शिकवलं. आमचं रोज वाजायचं.

गटाची रीत अशी, की एकीने कर्ज घ्यायचं आणि बाकीच्यांनी जामीन राहायचं. एकीने बुडवलं की सगळ्यांच्या डोक्यावर. म्हणून मावशी कर्ज मागणारीच्या घरी न सांगता जायची.

शिलाईवाली आली तेव्हा मला वाटलं, हिला नाही द्यायचं तर कुणाला? ज्या दुकानात ती दुसऱ्याच्या मशीनवर शिवायची, ते बंद होणार होतं. नवरा परगावी, पैसे पाठवले तर पाठवले. स्वतःचं मशीन नाही मिळालं, तर पोरींना घेऊन दिराच्या तोंडाकडे बघत बसणं आलं. आणि कर्ज मागायला तोच दीर पुढे! ही तोंड उघडेपर्यंत त्याने हप्तेसुद्धा ठरवून टाकले.

"वहिनींना व्यवहारातलं कळत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला फार कळतं, तेच बघतेय," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या दारात. एकच खोली. खिडकीखाली दिराची खाट, भिंतीशी ट्रंका, दारामागे पोरींची दप्तरं. मावशी बसलीसुद्धा नाही.

"मशीन कुठे ठेवणार?"

"ठेवू की कुठेतरी," दीर म्हणाला.

"खाट हलवाल?"

"खाट कशाला हलवायची?"

शिलाईवाली बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवत उभी.

बाहेर येताच मावशी म्हणाली, "हिच्या हातात पैसे द्यायचे नाहीत."

मी भडकले. "खाटेवरून निकाल लावता? तुमच्यापेक्षा सावकार बरा!"

"ओरड, घसा तुझाच आहे. अगं, घरात साधं कपाट यायचं असलं तरी माणूस आधी जागा रिकामी करतो. याने मनातसुद्धा केलेली नाही. मशीन आलं की हा विकणार, हप्ते ही फेडणार."

"मग उपाशी मरू दे तिला?"

"तसं कोण म्हणालं? मशीन गट घेऊन देईल, तिच्याच नावावर. राहील माझ्या दुकानात. रात्री कुलूप माझं."

आता माझं डोकं दुसऱ्या दिशेने चालायला लागलं. इस्त्रीला आलेला प्रत्येक फाटका शर्ट समोरच शिवून मिळणार म्हटल्यावर गिऱ्हाईक कुणाचं वाढणार? कुंपणच शेत खात नाही कशावरून?

मी तोंडावर विचारलं, "मावशी, यात तुमचं काय?"

मला वाटलं, इस्त्रीच फेकून मारेल. ती हसली. "आत्ता शिकलीस. पण मला एकटीला कोपऱ्यात काय विचारतेस? बैठकीत विचार."

विचारलं. बायकांनी मावशीला अर्धा तास सोलून काढलं. दुकानाचं भाडं लावणार? गिऱ्हाईक कुणाचं? उद्या भांडण झालं तर मशीन उचलू देणार? मावशीचे कान लाल. भाडं नाही आणि मशीन कधीही हलवता येईल, हे तिला सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं.

दीर दारात उभा होता. "चला वहिनी, असल्या उपकाराची गरज नाही आपल्याला."

शिलाईवाली उठली. पण दाराकडे नाही, मावशीकडे वळली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच नीट ऐकला.

"कुलपाची एक चावी मला पाहिजे."

मावशी दचकली. त्या दुकानाची चावी तिने सख्ख्या मुलालाही दिलेली नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली. मीही तिच्याकडे बघत राहिले.

"माझा अजून विश्वास बसलेला नाही तुझ्यावर," मावशी म्हणाली.

"माझा तरी कुठे बसलाय तुमच्यावर?"

बायका खो-खो हसल्या. मावशीने कमरेची चावी सोडली आणि पुटपुटत दुसरी करून आणायला कुलूपवाल्याकडे निघाली. शिलाईवाली तिच्या मागोमाग गेली, बनवताना समोर उभी राहायला.