पुढची खोली

माणसं रडवण्यात क्वामेनाचा हात धरणारा गाइड घानातल्या आमच्या एल्मिनात दुसरा नव्हता. ताकोराडीच्या धक्क्याला क्रूझची बोट लागली, की बसगाड्या भरभरून पाहुणे आमच्या किल्ल्यावर यायचे, पूर्वी जिथून गुलाम जहाजांवर चढवत तिथे. ऊन उतरायच्या आत त्यांना परत बोटीवर पोचवायचं असे, त्यामुळे सगळी घाईच. किल्ला, होड्या, मुखवट्यांचं दुकान, की चला. एवढ्या घाईत माणसाला रडवणं म्हणजे काही खायचं काम नाही. बाकीचे गाइड बिचारे सनावळ्या घोकत बसत. क्वामेना सगळ्यांना गुलाम बायकांच्या कोठडीत घेऊन जायचा, बोलता बोलता एकटाच बाहेर पडायचा आणि दार ओढून घ्यायचा. आत काळोख, ओल आणि कोंदट वास. आधी कुणीतरी हसे, मग कुणाचा तरी हुंदका फुटे. बाहेर हा भिंतीला टेकून नखं बघत उभा. दार उघडताना मात्र चेहरा असा पाडलेला, जणू याचीच आई आत कोंडली होती.

काळे अमेरिकन पाहुणे असले, की बसच्या पायरीशीच तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आपल्या घरी आलात. स्वागत आहे." तिथपासूनच त्यांचे डोळे भरायला लागायचे.

संध्याकाळी पुलाजवळच्या टपरीवर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी खाता खाता तो फुशारकी मारायचा, "आज एक म्हातारी मटकन खालीच बसली. उचलून बसमध्ये ठेवावी लागली." ऐकणारे कोळी नुसते हसायचे. त्यांच्यात हा कधीच बसला नाही. कोळ्याच्या गावात जन्मून याला होडीत बसलं की ओकारी यायची. पहिल्या खेपेलाच मामाच्या जाळ्यावर ओकला, तेव्हापासून समुद्र बंद. मग तोंड चालवून पोट भरायचा धंदा उरला, आणि देवाने तोंड बाकी सढळ हाताने दिलं होतं.

खाडीपलीकडे निळ्या खिडक्यांचं घर दिसतं ना, ते त्याच्या आईचं कूळघर. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा, बापाचा नव्हे. घरातली पुढची खोली त्याच्या आईची, अबाची. तिथे पितळी पलंग होता. आजवर त्या घरातलं मेलेलं प्रत्येक माणूस त्या पलंगावर सजवून निजवलं गेलं आणि मग टेकडीवरच्या कुळाच्या जागेत गेलं. मागची खोली, मासे धुरवायच्या भट्ट्यांना लागून, एकुआमावशीची. अबा दमेकरी. ती आजारी पडली, की लहानपणी क्वामेना मावशीच्या भट्टीशी जाऊन बसायचा. मावशी त्याला धुरकटलेल्या माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा द्यायची, स्वतःच्या मुलीच्या आधी.

हे त्याला आठवत होतं. तरीही त्याने जे केलं ते केलं.

आमच्याकडे एक नियम आहे, किल्ल्याहूनही जुना असेल. कुणाचं मूळ कुणी काढायचं नाही. घरात पूर्वी कुणी विकत आणलेलं असेल, कुणी लढाईत धरून आणलेलं असेल, ते एकदा घरात जेवलं, घराचं नाव लावलं, की घराचं झालं. माहीत सगळ्यांना असतं, पण बोलायचं कुणी नाही. बोलला तर मेंढी द्यावी लागते, दारू ओतावी लागते, पितरांची माफी मागावी लागते. क्वामेना लहान असताना आजी कुणाशी तरी कुजबुजताना त्याच्या कानावर पडलं होतं, की या घरातली एक खोली विकत आणलेल्यांची आहे. त्याने विचारलं, "कुठली गं?" आजीने असा गाल रंगवला की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. मग त्याने आपल्या अकलेने ठरवून टाकलं. पितळी पलंगाची खोली असणार मालकांची. भट्टीच्या धुरातली खोली असणार त्यांची. यात विचारायचं काय?

अबा गेली ती हेरिंग मासळीच्या ऐन हंगामात. शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं, तरी मुलाचं मनगट धरून ती एकच म्हणाली होती, "मला त्या पलंगावर निजव. आणि टेकडीवर, आपल्या माणसांत ठेव." क्वामेनाने शब्द दिला. एवढा एक शब्द त्याने आयुष्यात मनापासून दिला असेल. देह इस्पितळाच्या थंड खोलीत ठेवला आणि तो तारीख ठरवायला घरी आला.

"हंगाम संपू दे," एकुआमावशी भट्टीत लाकूड सारत म्हणाली. "सगळे बाप्ये समुद्रावर आहेत. तुझ्या आईला खांदा कोण देणार, बसमधले गोरे?"

"माझी आई आहे ती, मावशी. बर्फात किती दिवस ठेवू?"

"माझी बहीण आहे. मासळीसारखी घाईत उरकायची नाही मला ती."

बरोबरच बोलली ती. पण क्वामेनाला झोंबलं. धुरातल्या खोलीतली बाई पुढच्या खोलीच्या मयताची तारीख ठरवणार! तो दात-ओठ खात निघून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी बोट लागली.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत लोरेटा नावाची एक उंच, पांढऱ्या केसांची काळी अमेरिकन बाई होती. कोठडीतून बाहेर आली तर डोळे कोरडे. क्वामेनाला ते सोसेना. वर तटावर गेल्यावर तिने विचारलं, "आम्हाला इथे आणून विकलं ते तुमच्याच लोकांनी ना? मग काही जण इथेही राहिले असतील, तुमच्या घरांतून. त्यांचं काय झालं?"

या प्रश्नाला सगळ्या गाइडांचं उत्तर ठरलेलं असतं, की बाई, त्यावर आम्ही बोलत नाही. क्वामेनानेही ते आजवर शेकडो वेळा दिलं असेल. पण त्या दिवशी पोटात राग होता, समोर कोरडे डोळे होते, आणि वाटलं, इंग्रजीत बोललेलं खाडी ओलांडून थोडंच जाणार आहे? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"माझ्याच घरात आहेत," तो म्हणाला. "ते निळ्या खिडक्यांचं. मागे धूर निघतोय ना, तिथे. ती वाकलेली बाई दिसते? तिचे पूर्वज आम्ही विकत आणलेले. अजून मागच्याच खोलीत राहतात."

सगळे फोन तिकडे वळले. लोरेटाला रडू फुटलं. क्वामेनाला मनातून गार वाटलं.

पण ती बाई तेवढ्यावर थांबेना. बस पुलापलीकडे नेऊन थांबवायला लावली, चिखल तुडवत भट्टीपर्यंत गेली आणि एकुआमावशीला मिठी मारून ढसाढसा रडली. मावशी राखेने माखलेले दोन्ही हात तिच्या पांढऱ्या कपड्यांपासून दूर धरून उभी.

"काय झालं हिला? कोण गेलं हिचं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. तुझी मासळी आवडली म्हणते," क्वामेना म्हणाला.

"अगं बाई, मग रडतेस कशाला!" म्हणत मावशीने पानात गुंडाळून एक मोठा मासा तिच्या हातात दिला आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. बसमध्ये सगळे पुन्हा रडले. मला आजही ते आठवलं की क्वामेनाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तटावरचं ते बोलणं कुणीतरी चित्रित केलं होतं. ते फोनाफोनी फिरत अक्रात मावशीच्या मुलीकडे, अराबाकडे पोचलं. तिला इंग्रजी येत होतं. पहिल्या गाडीने ती घरी आली आणि भट्टीसमोर बसून तिने आईला एकेक शब्द फोड करून सांगितला. भट्टीतले मासे जळून गेले, मावशीने म्हणे उलटले नाहीत.

हंगाम संपल्यावर कुळाची बैठक बसली. मयताची तारीख ठरवायची म्हणून क्वामेनाला बोलावणं आलं. कुळाचा कर्ता बोत्वेमामा मधल्या खुर्चीत, भोवती म्हातारेकोतारे, कडेला मावशी आणि अराबा. अराबाने फोन मध्ये ठेवला. त्यातून क्वामेनाचा आवाज निघाला, भरदार, कमावलेला आवाज. कुणी एकमेकांकडे बघेना.

क्वामेना लगेच गुडघ्यावर आला. त्याला रिवाज माहीत होता. "चुकलो, मामा. मेंढी देतो, दारू देतो, मावशीचे पाय धरतो. जीभ घसरली."

"मेंढी घरच्या माणसाने द्यायची असते," मावशी म्हणाली.

"एकुआ!" मामा दरडावला. "एकाने नियम मोडला म्हणून आपण मोडायचा नाही."

"मी कुठे मोडतेय? मी फक्त विचारते. किल्ल्यावर हा सगळ्या जगाचा वंश सांगतो, जरा आपला सांगू दे." ती त्याच्याकडे वळली. आवाज अगदी मऊ, लहानपणी मासा देतानाचा. "क्वामेना, तुझ्या आईचं नाव?"

"अबा."

"तिची आई?"

त्याने गाल रंगवणाऱ्या आजीचं नाव सांगितलं.

"तिची आई?"

"एसी. म्हातारी एसी."

"आणि एसीची आई कोण? कुठल्या गावची? टेकडीवर तिचा दगड कुठे आहे?"

क्वामेनाने तोंड उघडलं. टेकडीवरचा एकेक दगड त्याला पाठ होता, पाहुण्यांना तोही दाखवायचा. मावशीच्या खोलीच्या सात पिढ्यांची माणसं तिथे ओळीने झोपली होती. त्याच्या खोलीत एसीच्या वर कुणीच नव्हतं. एसी कुठूनतरी सुरू व्हायची. उत्तरेकडून मुली कशा विकत आणत, घरात कसं नाव देत, हे तो रोज जगाला सांगत होता, त्याला आणखी कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, पण याला तर आपलं काय झाकलंय हेच ठाऊक नव्हतं.

"पण... पुढची खोली तर आमची," तो कसाबसा म्हणाला.

"माझ्या पणजीने दिली," मावशी म्हणाली. "कुणी बोट दाखवू नये म्हणून. ज्यांचं घरच आहे ते कुठेही निजतात रे. आम्ही धूर खाल्ला, तुमच्या खोलीत खिडकी ठेवली."

कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणाचं मूळ कुणी काढलं नव्हतं. फक्त विचारलं होतं.

क्वामेना सरपटत तिच्या पायाशी गेला. "मावशी, माझं काय हवं ते कर. मार, गावातून काढ. पण आईला पलंगावर निजू दे. मी शब्द दिलाय. तिने काय केलं? ती तुझी बहीण म्हणालीस ना तू?"

मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा दगडाचा. "होती," ती म्हणाली. "तू तटावर उभा राहून तोंड उघडेपर्यंत होती."

तो मामाकडे वळला. मामा म्हणाला, "रिवाज असा आहे, की मयत तिच्या कुळाच्या माणसांनी येऊन मागायचं. तिच्या आजीच्या माहेरची माणसं घेऊन ये. आम्ही मानाने देऊ."

"ती कुठून आणू, मामा?"

अराबाने फोन उचलला आणि पिशवीत टाकला.

अबाला गावाबाहेरच्या सरकारी दफनभूमीत पुरलं. भाड्याचा मांडव, भाड्याचा पलंग, तोही लोखंडी. कोळ्यांपैकी कुणी आलं नाही. खांदा द्यायला गाइड मंडळी आणि दोन बस ड्रायव्हर होते. मावशीचं बोलणं थोडक्यात चुकलं, गोरे तेवढे आले नाहीत.

क्वामेनाला वाटलं, आता हा धंदा सुटला. पण बंदरावरचा एजंट, तावियासाहेब म्हणतात त्याला, स्वतः गाडी घेऊन दारात आला. गावात फुटलेलं त्याच्याही कानावर गेलं होतं.

"अरे, पुढच्या बोटीवरचे लोक तुझंच नाव घेऊन विचारतायत," तो म्हणाला. "तो व्हिडिओवाला गाइड हवा म्हणतात. आणि आता तर काय, दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायला नको. स्वतःचंच सांग. मीच तो, म्हण. याच्यापुढे कोठडीचं दार काय घेऊन बसलास!"

"साहेब, माझी आई..."

"ते पण सांग. तेच तर सांग."

दुसरं काही येत नव्हतं, आणि होडीत बसलं की ओकारी येत होती. क्वामेना गेला. बसच्या पायरीशी छातीवर हात ठेवला, स्वागत म्हणाला. कोठडीत दार ओढून घेतलं तेव्हा भिंतीला टेकला, पण नखांकडे बघितलं नाही. मग तटावर नेऊन त्याने सांगितलं, पणजीपासून लोखंडी पलंगापर्यंत सगळं. हातखंडा कथेसारखं बरोबर जागी थांबत, बरोबर जागी आवाज खाली आणत. अख्खी बस रडली. एक म्हातारा पुढे आला आणि त्याला घट्ट कवटाळून हुंदके देत म्हणाला, "आमचं सगळं गेलं, भावा. गाव गेलं, नाव गेलं. पण तू नशीबवान. तू आपल्या घरीच राहिलास."

खाडीपलीकडे निळ्या खिडक्यांच्या घरात पुढच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. आत धुरवलेल्या माशांच्या टोपल्या छतापर्यंत रचल्या होत्या.

"कुठलं घर तुझं? दाखव ना," म्हाताऱ्याने फोन वर धरत विचारलं.

क्वामेनाने हात उचलून दाखवलं. "ते," तो म्हणाला, आणि फोटो नीट यावा म्हणून बाजूला सरला.