चार मिनिटांत संपलेला सत्याग्रह

रिकामं ताट घेऊन समोर बसलेल्या मुलाला "तुला इथे खायला मिळणार नाही" असं तुम्ही कधी तोंडावर सांगितलंय का? मला नेमकं तेच काम मिळालं होतं. तालीम करून गेले होते, तरी जी फजिती झाली ती ऐकाच.

अमेरिकेत आयसेलिन गावाजवळच्या एका हायस्कुलात मी कँटीनमध्ये वाढायचं काम करते. इतिहास शिकवणाऱ्या डेनिसबाई एक दिवस काउंटरपाशी आल्या. "आशा, पोरांना नुसत्या पुस्तकातून कळत नाही. मदत करशील?"

त्यांनी सगळं समजावलं. पूर्वी ह्या देशात दक्षिणेकडे काळ्या लोकांना गोऱ्यांच्या काउंटरवर खायला देत नसत. मग कॉलेजातली काळी मुलं मुद्दाम तिथे जाऊन बसायची, कॉफी मागायची. नाही म्हटलं की शिव्या खात, हात न उचलता बसून राहायची. रोज. डेनिसबाईंची आईही अशी बसली होती. आता त्यांच्या वर्गातली मुलं आमच्या काउंटरवर बसणार आणि मी दहा मिनिटं फक्त "नाही" म्हणायचं.

मी बारावी पास, आणि अमेरिकेत इतिहास शिकवणार! घरी ह्यांच्यासमोर तालीम केली.

"कॉफी मिळेल?"

"नाही."

"मग चहा?"

"थांबा, आलं किसते."

"झालं कल्याण," हे म्हणाले.

त्या दिवशी सहा मुलं स्टुलांवर बसली. पहिलीने कॉफी मागितली. नाही. दुसऱ्याने सँडविच. नाही. इथवर टिकले. डेनिसबाईंनी मागून मान डोलावली.

तिसरा मार्कस. सहा फुटी पोरगा, रोज माझ्याकडून दोनदा भात नेतो. "मिस आशा, मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

आता तुम्हीच सांगा, हा नाटक करतोय हे मला कसं कळणार?

हात आपोआप माझ्या डब्याकडे गेला आणि थालीपीठ त्याच्या ताटात पडलं. शेजारची पोर बघतच राहिली. असला पंक्तिप्रपंच माझ्याच्यानं कसा होणार? तिला अर्धं दिलं. मग सगळ्यांनाच. मुलांना हुसकावून लावायला नाटकातला मॅनेजर झालेला त्यांच्याच वर्गातला केविन, तोही "मला पण" म्हणत ताट घेऊन रांगेत.

डेनिसबाईंनी कपाळावर हात मारला. "आशा, माझ्या आईला कित्येक महिने लागले. तू चार मिनिटांत संपवलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या इतक्या जिव्हाळ्याचा तास मी थालीपिठाखाली गाडला होता.

तेवढ्यात मार्कस घास गिळून म्हणाला, "वेट. मिस आशाला चार मिनिटंसुद्धा 'नाही' म्हणता आलं नाही. मग ती काउंटरमागची माणसं रोज कशी म्हणत होती?"

डेनिसबाई हळूच खुर्ची ओढून बसल्या. "आजचा तास ह्याच प्रश्नावर," म्हणाल्या. घंटा होईपर्यंत पोरं त्यावरच बोलत होती. मी ताटं गोळा करत ऐकत होते, आणि काय सांगू, त्या पोरांचा इतका अभिमान वाटला की पुसलेलं काउंटर पुन्हा पुसत राहिले.

"उद्या दुसरा वर्ग आहे," जाताना डेनिसबाई म्हणाल्या.

"मी येऊ?"

"ये. पण डबा घरी ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरमागे व्यायामाचे सर उभे होते. मला मुलांच्या बाजूला स्टुलावर बसवलं, आणि सरांनी दहा मिनिटं मला साधं पाणीसुद्धा दिलं नाही.